अंगणात उतरलेली शाळा : पद्मभूषण ताराबाई मोडक

२००५ साली राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला आणि त्यानंतर आपल्याकडील शिक्षकांच्या प्रशिक्षण-वर्गांत ‘ज्ञानरचनावाद’ हा भारदस्त शब्द वारंवार ऐकू येऊ लागला. मूल म्हणजे रिकामे मडके नव्हे. ते हाताळून, करून, चुकून आपले ज्ञान आपणच रचत असते आणि शिक्षकाने त्यासाठी साहित्य, संधी व सोबत द्यायची असते, असा त्याचा थोडक्यात आशय. शब्द नवा असल्यामुळे विचारही परदेशातून नुकताच आला, असा पुष्कळांचा समज झाला. परंतु या विचाराला मराठी मातीत रुजवण्यासाठी एका विदुषीने आपले अर्धे आयुष्य वेचले होते. त्या म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलींना शिकवण्याबद्दल समाजात जेव्हा कुजबुज होत असे, त्या काळात या घराने मुलीच्या हाती पुस्तक दिले. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. पुढच्याच वर्षी कृष्णाजी विनायक मोडक या वकिलांशी त्यांचा विवाह झाला व अमरावतीत संसार सुरू झाला. तो संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास लहान मुलीला घेऊन त्या घराबाहेर पडल्या. शंभर वर्षांपूर्वी अशा स्त्रीकडे कोणत्या नजरेने पाहिले जात असेल, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको. कोणाच्या आश्रयास न जाता त्यांनी राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद स्वीकारले. पद मानाचे होते, प्राप्ती निश्चित होती. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी त्यांना कोणी दोष दिला नसता.

त्याच काळात इटलीच्या डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्या बालशिक्षणपद्धतीचा बोलबाला होऊ लागला होता. मॉन्टेसरीबाईंनी १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले होते. सौराष्ट्रात भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी वकिलीवर पाणी सोडून ‘दक्षिणामूर्ती’ या संस्थेत १९२० साली बालमंदिर उघडले होते. एका वकिलाशी संसार मोडून निघालेल्या बाईंना आयुष्याचे खरे काम एका वकिली सोडलेल्या माणसाकडे सापडावे, हा विलक्षण योग म्हणावा लागेल. १९२३ साली ताराबाई भावनगरास आल्या आणि गिजुभाईंच्या सहकारी झाल्या.

त्या बालमंदिरात छडी नव्हती, परीक्षा नव्हती, पहिला-दुसरा असा क्रमांकही नव्हता. मूल स्वतः साहित्य निवडी, लाकडी दट्टे योग्य खोबणीत बसवी, चुकले तर ते बसत नसत. म्हणजे चूक दाखवावयास मास्तरांची गरजच उरत नसे. खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवता फिरवता अक्षराचे वळण हातात येई. गुंड्या लावणे, पाणी न सांडता ओतणे, आपली जागा आपण झाडणे हेही शिक्षणच मानले जाई. परंतु भावनगरात मॉन्टेसरी पद्धत जशीच्या तशी उचलली गेली नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. गिजुभाईंनी आणि ताराबाईंनी तिच्यात आपल्याकडील लोककथा, बडबडगीते व नाट्य यांना मोठे स्थान दिले. गुरूपुढे केवळ मान डोलावणे हा ताराबाईंचा स्वभाव नव्हता.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाच्या द्वारे त्या पालकांपर्यंत पोहोचल्या. गुजराती पत्रिकेत त्यांचा वाटा होताच. मराठी आवृत्ती तर त्यांनीच चालवली. मुलाला मारू नका, धाकाने सुधारलेले मूल सुधारलेले नसते, हे त्या काळच्या आईबापांच्या गळी उतरवणे सोपे नव्हते. पुढे मुंबईस परतल्यावर १९३६ मध्ये दादर येथे ‘शिशुविहार’ सुरू झाले. तेथे मुलांबरोबर बालशिक्षिकाही घडू लागल्या. १९३९ मध्ये गिजुभाई गेले आणि संघाची जबाबदारी प्रामुख्याने ताराबाईंवर आली.

दादरचे काम यशस्वी होते. तरीही त्यांच्या मनास एक प्रश्न टोचत होता. मॉन्टेसरीचे साहित्य सुबक आणि मोजूनमापून केलेले, म्हणूनच महाग. ते सुस्थितीतील घरांच्या मुलांनाच परवडे. ज्या पद्धतीचा उगम रोमच्या दरिद्री वस्तीत झाला, ती हिंदुस्थानात येऊन सुखवस्तूंची होऊन बसावी, ही विसंगती त्यांना जाणवली. व्यापारी माणसास हा प्रश्न लगेच कळेल : माल उत्तम, पण ज्याला त्याची खरी गरज त्याच्या आवाक्याबाहेरचा. अशा वेळी किंमत तरी उतरवावी लागते, नाहीतर माल तरी वेगळा घडवावा लागतो. ताराबाईंनी दुसरा मार्ग पत्करला. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्यांनी शहर सोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्यासोबत अनुताई वाघ आल्या. बालविधवा असलेल्या अनुताईंनी पुढील सारे आयुष्य याच कामास वाहिले.

बोर्डीत रंगीत लाकडी ठोकळ्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या व माती आली. गिनती, आकार, लहान-मोठे, जड-हलके हे सारे यातून शिकता येते आणि हरवले तर दाराशीच दुसरे मिळते. साहित्याचा खर्च असा जवळजवळ नाहीसा झाला. पण खरी अडचण पैशाची नव्हतीच. गावातील बालवाडीत दलित वस्तीतील मुले येत नव्हती. अंतर पावलांचे नव्हते, जातीचे होते. एखाद्या संस्थेने ठराव केला असता की, सर्वांस दार खुले आहे, आता न येणे त्यांची मर्जी. ताराबाईंनी तसे केले नाही. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेनेच मुलांकडे जावे, असे ठरले. कार्यकर्त्या वस्तीत जाऊ लागल्या, मुलांना अंघोळ घालू लागल्या, नखे कापू लागल्या आणि तेथल्याच अंगणात गाणी, गोष्टी, खेळ सुरू झाले. हीच ‘अंगणवाडी’. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आज देशात खेडोपाडी उच्चारला जाणारा हा शब्द बोर्डीच्या एका उपेक्षित वस्तीतून निघाला आहे, याची कित्येकांना कल्पनाही नसते.

१९५७ मध्ये पासष्टीच्या ताराबाईंनी काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. ज्या वयात माणसे निवृत्तीची भाषा बोलतात, त्या वयात नव्याने आरंभ झाला. परिसर वारली आदिवासींचा. येथील मुलांना शाळा नको होती असे नव्हे, त्यांना सवड नव्हती. मोठ्या मुली घरी धाकटी भावंडे सांभाळीत, मुलगे गुरे राखीत. त्यांना शाळेत ओढून आणले तर घराचा गाडा अडे. ताराबाई व अनुताईंनी ‘विकासवाडी’ची रचना या वस्तुस्थितीवरच केली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात. मुलीने कडेवरचे भावंड घेऊन यावे, ते पाळणाघरात ठेवावे आणि आपण वर्गात बसावे. अभ्यासक्रम कितीही थोर असला तरी तान्ह्या भावाची सोय झाल्यावाचून ती मुलगी येणार नाही, हे ओळखण्यास शिक्षणशास्त्राच्या पदवीपेक्षा आईची नजर लागते.

आणि जे मुलगे गुरांमागे रानात जात, त्यांच्यासाठी ‘कुरणशाळा’ निघाली. शिक्षक कुरणात जाई. गुरे चरत असताना शिक्षण चाले. समोर दिसणारी झाडे, पाखरे, दगड, ओढे हाच पाठ्यग्रंथ. गुराख्याच्या पोराला झाडाझुडपांची जी ओळख असे, ती शिक्षकालाही नसे. त्यामुळे शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, याच्या सीमा आपोआप पुसट होत. मुलाला जे आधीच ठाऊक आहे, तेथूनच पुढचे पाऊल टाकायचे, हे तत्त्व ग्रंथांत वाचणे वेगळे आणि गुरांच्या मागे उन्हात चालत अमलात आणणे वेगळे. सगळेच प्रयोग सारखे फळले असे नाही. गरिबी व स्थलांतर यांनी पटावरील कितीतरी मुले मध्येच गळत. टेकडीवरच्या शाळेने पोटाचा प्रश्न सुटत नाही, हे त्या दोघीही जाणून होत्या आणि तरी रोज सकाळी वर्ग भरतच राहिले.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना ‘पद्मभूषण’ किताबाने गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शासनाने अंगणवाडी हे नाव देशभर नेले, ते पाहावयास त्या राहिल्या नाहीत. कोसबाडचे काम अनुताईंनी हाती घेतले व १९९२ मध्ये आपल्या निधनापर्यंत त्या ते सांभाळीत राहिल्या.