विल्यम हार्वे : रक्ताभिसरणाचे गणित मांडणारा वैद्य

हृदय आकुंचन पावते, रक्त धमन्यांतून शरीरभर जाते आणि शिरांमधून पुन्हा हृदयाकडे परतते, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु चारशे वर्षांपूर्वी युरोपातील नामवंत विद्यापीठांतील वैद्यकाचे प्राध्यापक याच्या अगदी उलट गोष्ट शिकवीत होते आणि तिच्याविषयी शंका घेणे म्हणजे विद्येचा अवमान समजला जाई. ही शंका घेण्याचे, आणि केवळ शंका घेऊन न थांबता ती प्रयोगाने व हिशेबाने सिद्ध करण्याचे श्रेय विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याकडे जाते.

हार्वे यांचा जन्म १ एप्रिल १५७८ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यातील फोकस्टन या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील टॉमस हार्वे हे गावातील प्रतिष्ठित गृहस्थ. सात भावांत विल्यम थोरले. धाकट्या भावांपैकी बहुतेक जण पुढे व्यापारात शिरले आणि धनाढ्य झाले. विल्यम मात्र विद्येकडे वळले. कँटरबरीच्या किंग्ज स्कूलमध्ये लॅटिनचा पाया पक्का झाल्यावर १५९३ साली ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीझ महाविद्यालयात दाखल झाले. तेथील पदवी घेतल्यावर वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी इटलीतील पदुआ गाठले.

त्या काळी पदुआ हे युरोपातील वैद्यकाचे माहेरघर होते. अर्धशतकापूर्वी व्हेसालियसने येथेच शरीररचनाशास्त्राला नवी दिशा दिली होती. गॅलिलिओ तेथे गणित शिकवीत होता. हार्वे यांचे गुरू फॅब्रिशियस यांनी शवविच्छेदनासाठी खास प्रेक्षागृह उभारून घेतले होते. मेणबत्त्यांच्या उजेडात, एकावर एक चढत जाणाऱ्या लाकडी सज्ज्यांत उभे राहून विद्यार्थी खालच्या मेजावरील विच्छेदन पाहत. शिरांच्या आतील बाजूस नाजूक पडद्यांसारख्या झडपा असतात, याचे सविस्तर वर्णन फॅब्रिशियस यांनी केले होते. मात्र या झडपा कशासाठी, याचे त्यांनी दिलेले उत्तर चुकीचे होते. रक्त हातापायांकडे एकदम धावून तेथे साचू नये म्हणून त्या आहेत, असे त्यांना वाटे. गुरूने पाहिलेल्या गोष्टीचा खरा अर्थ पुढे शिष्याने लावला.

एप्रिल १६०२ मध्ये पदुआची डॉक्टरेट घेऊन हार्वे मायदेशी परतले आणि लंडनमध्ये व्यवसाय करू लागले. १६०४ साली एलिझाबेथ ब्राऊन हिच्याशी त्यांचा विवाह झाला. तिचे वडीलही नामांकित वैद्य होते. या दांपत्याला मूलबाळ झाले नाही. १६०७ साली ते वैद्यांच्या महाविद्यालयाचे सदस्य झाले, १६०९ साली सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्य म्हणून नेमले गेले आणि १६१५ साली शरीररचनेवरील मानाच्या लुम्लियन व्याख्यानमालेची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

या व्याख्यानांसाठी विच्छेदने करताना त्यांच्या मनातील शंका पक्की होत गेली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गेलन या वैद्याची शिकवण तेव्हा प्रमाण मानली जाई. या शिकवणीनुसार खाल्लेल्या अन्नापासून यकृतात सतत नवे रक्त तयार होते, ते शिरांवाटे अवयवांकडे जाते आणि जमिनीत पाणी जिरावे तसे तेथेच जिरून संपते. थोडे रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून मधल्या भिंतीतील अदृश्य छिद्रांवाटे डाव्या कप्प्यात झिरपते आणि तेथे हवेशी मिसळून जीवनशक्ती बनते. ही छिद्रे कोणी पाहिलेली नव्हती. व्हेसालियसलाही ती सापडली नव्हती. तरीही चौदाशे वर्षे ती आहेत असे मानले गेले, कारण ती नसतील तर सारी मांडणीच ढासळत होती.

या भिंतीला तडे गेले नव्हते असे नाही. तेराव्या शतकात कैरो येथील इब्न अल्-नफीस याने हृदयाच्या मधल्या भिंतीत छिद्रे नसून रक्त फुप्फुसांतून डावीकडे येते, असे लिहून ठेवले होते. त्याच्या हस्तलिखिताकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष मात्र १९२४ साली गेले. सोळाव्या शतकात मायकेल सर्व्हेटस आणि पदुआचे अध्यापक रिआल्डो कोलंबो यांनीही हेच सांगितले. सर्व्हेटसला धर्मविरोधी मतांसाठी १५५३ साली जिनिव्हात जिवंत जाळण्यात आले. परंतु ही सारी मांडणी हृदय आणि फुप्फुसे यांच्यातील प्रवासापुरती होती. संपूर्ण शरीरभर रक्ताचे एकच अखंड चक्र चालते, ही कल्पना हार्वे यांची.

या कल्पनेपर्यंत ते प्राण्यांच्या साहाय्याने पोहोचले. कुत्रा किंवा डुक्कर यांसारख्या प्राण्यांचे हृदय इतक्या वेगाने धडधडते, की आकुंचन केव्हा आणि प्रसरण केव्हा हेच डोळ्यांना उमगत नाही. आरंभी हार्वेही हताश झाले होते. म्हणून ते बेडूक, साप, मासे, गोगलगायी अशा थंड रक्ताच्या प्राण्यांकडे वळले. त्यांचे हृदय संथपणे चालते. मरणोन्मुख प्राण्याचे हृदयही मंदावते, तेव्हा त्याची एकेक हालचाल सुटी करून पाहता येते. टेम्स नदीतील एका पारदर्शक कोळंबीचे हृदय त्यांनी बाहेरूनच, जणू खिडकीतून पाहावे तसे पाहिले. कोंबडीच्या अंड्यात चौथ्या दिवसाच्या सुमारास दिसणारा लाल ठिपका धडधडताना पाहिला. या निरीक्षणांतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. आधी वरचे कप्पे म्हणजे कर्णिका आकुंचन पावतात आणि मग खालच्या जवनिका. शिवाय हृदयाचे खरे काम रक्त ओढून घेणे हे नसून ते जोराने बाहेर ढकलणे हे आहे. हृदय हा स्नायू आहे आणि नाडीचा ठोका हा त्याने ढकललेल्या रक्ताचा आघात आहे.

सापावरील त्यांचा प्रयोग आजही थक्क करतो. जिवंत सापाच्या हृदयाकडे येणारी महाशिरा चिमट्याने दाबली की हृदय फिके आणि लहान होई. दाब सोडताच ते पुन्हा भरे. उलट हृदयातून निघणारी महाधमनी दाबली की हृदय फुगून जांभळे पडे. रक्त कोठून येते आणि कोठे जाते, याचा याहून उघड पुरावा कोणता?

परंतु हार्वे यांचे सर्वांत प्रभावी शस्त्र होते साधा गुणाकार. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला किती रक्त बाहेर पडते? विरोधकांना आक्षेपाला जागा राहू नये म्हणून त्यांनी मुद्दामच कमी अंदाज धरले. ठोक्यामागे केवळ अर्धा औंस रक्त आणि अर्ध्या तासात केवळ एक हजार ठोके, असे मानले तरी अर्ध्या तासात पाचशे औंस, म्हणजे सुमारे पंधरा किलो रक्त हृदयातून बाहेर पडते. माणसाच्या अंगात इतके रक्त मुळी नसतेच आणि तेवढे रक्त निर्माण होईल इतके अन्न कोणी अर्ध्या तासात खाऊ शकत नाही. मग हे रक्त येते कोठून? तेच रक्त पुन्हा पुन्हा परत येत असले पाहिजे, हा एकच निष्कर्ष उरतो. आजच्या मोजमापानुसार प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या स्थितीत ठोक्यामागे सुमारे ७० मिलिलिटर आणि मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. अंगातील एकूण रक्तही साधारण तेवढेच असते. हार्वे यांचे आकडे वास्तवाहून बरेच कमी होते, तरीही गेलनचा सिद्धान्त त्यापुढे टिकला नाही.

१६२८ साली फ्रँकफर्ट येथे त्यांचा हृदय व रक्ताच्या गतीविषयीचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. अवघी ७२ पाने, साधा कागद आणि छपाईच्या असंख्य चुका! वैद्यकाच्या इतिहासातील एका महान ग्रंथाचे बाह्यरूप असे सामान्य होते. तेव्हा हार्वे पन्नास वर्षांचे होते आणि नऊ वर्षांहून अधिक काळ ते आपली मते व्याख्यानांतून मांडत होते. आपले म्हणणे ऐकून सारे जग शत्रू होईल, अशी भीती त्यांना वाटत होती आणि ती त्यांनी ग्रंथात लपवलीही नाही.

ती भीती अगदीच अनाठायी नव्हती. पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेतील जाँ रिओलाँ यांच्यासारख्या पंडितांनी कडाडून विरोध केला. १६३६ साली राजदूताच्या पथकाबरोबर जर्मनीत गेले असता हार्वे यांनी कास्पर हॉफमान या प्राध्यापकाला प्रत्यक्ष प्रात्यक्षिक करून दाखवले. तरी त्याचे समाधान झाले नाही. लंडनमध्येही ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर लोक त्यांना विक्षिप्त समजू लागले आणि त्यांचा व्यवसाय खालावला, अशी नोंद त्यांना व्यक्तिशः ओळखणारा चरित्रकार जॉन ऑब्रे याने केली आहे. हार्वे वादात फारसे उतरले नाहीत. रिओलाँ यांना त्यांनी उत्तर दिले ते तब्बल एकवीस वर्षांनी, १६४९ साली. दरम्यान देकार्तसारख्या तत्त्वज्ञाने १६३७ साली रक्ताभिसरण मान्य केले होते, जरी हृदयाच्या कार्याविषयी त्याचे मत वेगळे होते.

हार्वे हे पहिल्या जेम्स राजाचे आणि पुढे पहिल्या चार्ल्स राजाचे वैद्य होते. चार्ल्सला त्यांच्या संशोधनात मनापासून रस होता; राजाच्या शिकारीतील हरिणी त्यांना विच्छेदनासाठी मिळत. लहानपणी छातीला झालेल्या जखमेमुळे ज्याचे हृदय जणू उघडे राहिले होते, अशा एका उमराव घराण्यातील तरुणाला हार्वे यांनी राजासमोर आणले. राजाने स्वतःच्या बोटांनी ते धडधडते हृदय स्पर्शून पाहिले. तरुणाला त्या स्पर्शाची जाणीवही झाली नाही. १६३४ साली चेटकिणी ठरवल्या गेलेल्या लँकेशायरच्या चार स्त्रियांची तपासणी हार्वे यांच्या देखरेखीखाली झाली आणि त्यांच्या अंगावर अनैसर्गिक असे काही आढळले नाही. आरोप करणाऱ्या मुलाने पुढे आपली साक्ष खोटी असल्याचे कबूल केले.

१६४२ साली राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. एजहिलच्या लढाईत दोन्ही राजपुत्रांना सांभाळण्याचे काम हार्वे यांच्याकडे होते. ते एका कुंपणाच्या आडोशाला पुस्तक वाचत बसले आणि तोफेचा गोळा जवळ येऊन पडल्यावर त्यांनी जागा बदलली, असे ऑब्रे सांगतो. त्याच वर्षी लंडनमधील त्यांच्या निवासावर सैनिकांनी धाड घालून सामान लुटले. कीटकांच्या उत्पत्तीविषयीची कित्येक वर्षांची टिपणे त्यात नष्ट झाली. आयुष्यातील इतर कोणत्याही हानीपेक्षा हे दुःख त्यांना अधिक बोचले. पुढच्याच वर्षी बार्थोलोम्यू रुग्णालयातील त्यांचे पदही गेले.

राजाबरोबर ते ऑक्सफर्डला गेले. तेथे युद्धाच्या धामधुमीतही एका मित्राच्या खोलीत उबवणीला ठेवलेली अंडी रोज फोडून गर्भाची वाढ पाहण्याचा त्यांचा क्रम चालू होता. १६५१ साली प्रसिद्ध झालेल्या प्राण्यांच्या उत्पत्तीविषयीच्या ग्रंथात हे संशोधन आले. सर्व प्राणी अंड्यापासून जन्मतात, हा त्याचा गाभा. सस्तन प्राण्यांचे अंडे मात्र त्यांना कधी दिसले नाही. ते १८२७ साली फॉन बेअर याने शोधले. पत्नीच्या लाडक्या पोपटाची कथाही याच ग्रंथात आहे. सारे त्याला नर समजत होते; तो मेल्यावर विच्छेदन केले तेव्हा पोटात अंडे निघाले!

१६४९ साली राजाचा शिरच्छेद झाला. हार्वे आता निवृत्त होऊन भावांच्या आश्रयाने राहत होते. संधिवाताने पाय ठणकत असत. १६५४ साली वैद्यांच्या महाविद्यालयाने देऊ केलेले अध्यक्षपद त्यांनी वयाचे कारण सांगून नाकारले. मात्र महाविद्यालयाला ग्रंथालयाची इमारत, ग्रंथ आणि वडिलोपार्जित जमीन दान केली. ३ जून १६५७ रोजी वयाच्या ७९ व्या वर्षी पक्षाघाताने त्यांचे निधन झाले. एसेक्समधील हेम्पस्टेडच्या चर्चमध्ये त्यांचे दफन करण्यात आले. त्यांनी दिलेले ग्रंथालय १६६६ च्या लंडनच्या भीषण आगीत भस्मसात झाले.

त्यांच्या सिद्धान्तात एक दुवा अखेरपर्यंत निसटलेलाच राहिला. धमन्यांतील रक्त शिरांमध्ये नेमके जाते कसे? तो मार्ग असलाच पाहिजे, असे त्यांचे तर्क सांगत होते. पण तो पाहण्यास समर्थ सूक्ष्मदर्शक त्यांच्यापाशी नव्हता. त्यांच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनी, १६६१ साली, मार्चेल्लो माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने बेडकाच्या फुप्फुसात केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पूर्ण झाले. अदृश्य छिद्रे गेलननेही मानली होती आणि अदृश्य मार्ग हार्वे यांनीही मानला; फरक इतकाच, की गेलनची छिद्रे सिद्धान्त वाचवण्यासाठी होती, तर हार्वे यांचा मार्ग मोजमापातून अटळपणे निघत होता.

हार्वे यांच्या शोधाने उपचार लगेच बदलले नाहीत. रक्त काढून टाकण्याची जुनी पद्धत पुढे दोन शतके चालू राहिली आणि स्वतः हार्वेही तिचा अवलंब करीत. तथापि रक्तदाबाचे मापन, शिरेतून दिले जाणारे औषध, रक्त चढवणे, हृदयशस्त्रक्रिया हे सारे त्यांच्याच पायावर उभे आहे. आज तपासणीसाठी रक्त घेताना दंडावर पट्टा आवळतात. पट्टा धमनी बंद होणार नाही इतपतच घट्ट असतो. रक्त हातात येत राहते, पण शिरांवाटे परतू शकत नाही, म्हणून शिरा टचटचीत फुगतात आणि झडपांच्या जागी लहान गाठी दिसतात. १६२८ च्या त्या छोट्या ग्रंथातील मोजक्या चित्रांत नेमका हाच हात रेखाटलेला आहे.