छोट्या धक्क्यांचा हिशेब ठेवणारा माणूस

कुठे जमीन हलली की थोड्याच वेळात मोबाइलवर बातमी येते : अमुक ठिकाणी भूकंप, तीव्रता इतकी रिश्टर स्केल. २०१८च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात लहान धक्क्यांची रांग लागली, तेव्हा तर हा शब्द तिथल्या गावागावांत लोकांच्या तोंडी बसला. पण रिश्टर हे एका माणसाचं आडनाव आहे, हे आपल्या सहज लक्षात येत नाही. आणि या माणसाने ही मोजपट्टी शहरं पाडणाऱ्या भूकंपांसाठी बनवलीच नव्हती. रोजच्या बारीकसारीक धक्क्यांची यादी नीट लावता यावी, एवढाच मूळ हेतू होता.

चार्ल्स रिश्टरचा जन्म २६ एप्रिल १९००चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात. तो लहान असतानाच आईवडिलांचा घटस्फोट झाला. त्याला आजोळी वाढवलं गेलं आणि पुढे त्याने आईच्या माहेरचं आडनाव लावलं. १९०९मध्ये आजोबांनी बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलवलं. मुलगा हुशार, पण बुजरा. माणसांपेक्षा आकाशातल्या ताऱ्यांमध्ये जास्त रमणारा. १९२०मध्ये स्टॅनफर्डमधून भौतिकशास्त्राची पदवी घेतली खरी, पण त्याच सुमारास मन पार कोलमडलं. उपचार घ्यावे लागले. नंतरची काही वर्षं किरकोळ नोकऱ्या करण्यात गेली. आज ज्याला आपण ‘करिअरमध्ये गॅप’ म्हणतो ना, तीच ही.

त्यातून तो पुन्हा शिक्षणाकडे वळला. कॅलटेकमध्ये त्याने पीएचडीसाठी विषय घेतला हायड्रोजनच्या अणूचा. भूकंपाचा आणि त्याचा काडीचाही संबंध नव्हता. १९२७मध्ये नोबेल विजेते रॉबर्ट मिलिकन यांनी त्याला सांगितलं, की पासाडेनाच्या भूकंप प्रयोगशाळेत भौतिकशास्त्र जाणणारा माणूस हवाय. चार्ल्सने हो म्हटलं. तात्पुरती म्हणून धरलेली ती वाट त्याला आयुष्यभर पुरली.

आता तो काम करत होता ती जमीन समजून घेऊ. कॅलिफोर्नियातून सॅन अँड्रियास नावाचा फॉल्ट, म्हणजे जमिनीतली भेग, सुमारे १२०० किलोमीटर धावते. हिच्या दोन बाजू वर-खाली होत नाहीत. त्या एकमेकींना घासत आडव्या सरकतात, वर्षाला काही सेंटीमीटर, म्हणजे साधारण आपली नखं वाढतात त्या वेगाने. बऱ्याच ठिकाणी खडक अडकून बसतो, ताण साठत जातो आणि एक दिवस सुटतो. १८ मे १९४० रोजी याच भेगेच्या दक्षिणेकडच्या इम्पीरियल खोऱ्यात असा ताण सुटला, तेव्हा संत्र्याच्या बागेतल्या सरळ रांगा मधोमध तुटून बाजूला सरकलेल्या दिसल्या.

या सगळ्या पट्ट्यात छोटे धक्के तर सतत चालूच. प्रयोगशाळेचे प्रमुख हॅरी वूड यांनी दक्षिण कॅलिफोर्नियात भूकंपमापक यंत्रांची केंद्रं उभी केली होती. फोटोच्या कागदावर रेघा उमटत. रिश्टर दिवसेंदिवस त्या रेघा मोजत बसत. वर्षाकाठी शेकडो धक्क्यांची यादी छापायची होती, पण कोणता लहान, कोणता मोठा, हे ठरवायचं कसं? तोवर लोकांना काय जाणवलं, किती भिंती पडल्या, यावरून भूकंप जोखला जायचा. वाळवंटात कुणी नसताना जमीन हलली तर? तिथे भिंतही नाही आणि साक्षीदारही नाही.

जपानी शास्त्रज्ञ कियू वादाती यांचा एक लेख रिश्टर यांच्या वाचनात आला. यंत्रावरची नोंद आणि भूकंपाचं अंतर यांचा मेळ घालून वेगवेगळ्या धक्क्यांची तुलना कशी करता येईल, हे त्यात होतं. आपल्याकडच्या नोंदी तशा मांडल्या, तर आकडे इतके विखुरलेले की आलेखाच्या कागदावर मावेनात. तेव्हा जर्मनीहून आलेले सहकारी बेनो गुटेनबर्ग यांनी लॉगरिदम वापरायला सुचवलं. झालं, गाडी मार्गाला लागली. १०० किलोमीटरवरच्या ठरावीक यंत्राने १ मिलिमीटरची रेघ दाखवली तर तो धक्का ३चा. रेघ १ सेंटीमीटर असेल तर ४चा. प्रत्येक पायरीला रेघ दहापट आणि ऊर्जा सुमारे ३२ पट. या आकड्याला नाव दिलं ‘मॅग्निट्यूड’. ताऱ्यांची प्रत मोजायला खगोलशास्त्रात वापरतात तोच हा शब्द, लहानपणीच्या छंदातून आलेला. १९३५मध्ये हे सगळं रिश्टर यांच्या नावाने प्रसिद्ध झालं आणि पत्रकारांनी त्याला ‘रिश्टर स्केल’ करून टाकलं. गुटेनबर्ग मुलाखतींपासून चार हात लांबच राहायचे. त्यांचं नाव त्यात मागे पडलं.

दोघांचं नाव एकत्र राहिलं ते दुसऱ्या एका नियमात. १९४४मध्ये त्यांनी दाखवलं की एखाद्या प्रदेशात ५चा एक भूकंप होतो तोवर ४चे साधारण १० होतात आणि ३चे १००. लहान जास्त, मोठे कमी, आणि त्यांचं प्रमाण मात्र जवळपास ठरलेलं.

आपल्याकडेही ऐकू येणाऱ्या एका समजुतीचा फुगा या नियमाने फुटतो. छोटे धक्के आले की बरं, जमिनीचा ताण निघून जातो, असं कुणी ना कुणी म्हणतंच. हिशेब करून बघा. ६च्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडायला ३चे सुमारे ३२ हजार धक्के लागतील. प्रत्यक्षात होतात साधारण १ हजार. म्हणजे चिल्लर कितीही जमवली तरी मोठं कर्ज फिटत नाही.

मग छोट्या धक्क्यांचा थवाच आला तर? सॅन अँड्रियासचं दक्षिण टोक आणि इम्पीरियल फॉल्ट यांच्यामध्ये ब्रॉलीचा पट्टा आहे. एक भेग संपते, दुसरी बाजूला सुरू होते आणि मधली जमीन ताणली जाते. खाली उष्णता आहे, भेगांतून पाणी फिरतं. इथे काही दिवसांत शेकडो धक्के येतात. एरवी एक मोठा धक्का आणि मग त्याची पिलावळ, असा क्रम असतो. थव्यात मात्र कुणीच म्होरक्या नसतो. बहुतेक वेळा हे थवे आले तसे विरून जातात.

बहुतेक वेळा. दर वेळी नाही. आपल्या कोयनेला १९६२मध्ये धरणात पाणी साठू लागल्यावर लहान धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३चा भूकंप आला. तिथलीही भेग मुख्यतः आडवी सरकणारीच. उलट २०१६च्या सप्टेंबरात सॅन अँड्रियासच्या दक्षिण टोकाशी थवा उठला. आठवडाभरात ७ किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता जास्तीत जास्त १०० मध्ये १, असं शास्त्रज्ञांनी सांगितलं. मोठा भूकंप आला नाही. धक्के सुरू असताना हा थवा कोणत्या जातीचा, हे ओळखायची खूण आजही हातात नाही.

रिश्टर यांचा मोठेपणा मला इथे दिसतो. साऱ्या जगात त्यांच्या नावाचा आकडा चालत होता. एखादं भाकीत केलं असतं तर लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला असता. पण तारीख-वार सांगणाऱ्यांवर ते उघड चिडायचे. त्यांच्या बैठकीच्या खोलीतच भूकंपमापक यंत्र होतं. घाबरलेल्या लोकांचे, पत्रकारांचे फोन यायचे. काय झालं, कुठे झालं, किती मोठं, हे ते सांगत. पुढे काय होणार, हे मात्र सांगत नसत.

त्याऐवजी त्यांचं बोट असायचं इमारतींकडे. १० मार्च १९३३च्या संध्याकाळी लाँग बीचच्या भूकंपात अनेक शाळा ढासळल्या. मुलं घरी गेली होती म्हणून वाचली. महिनाभरात कॅलिफोर्नियाने शाळांच्या बांधकामासाठी कडक कायदा केला. जुन्या इमारतींवरचे सैल सज्जे आणि नक्षीकाम काढा, कच्च्या विटांच्या भिंती मजबूत करा, असा धोशा रिश्टर यांनी पुढेही अनेक वर्षं लावला.

माणूस म्हणून ते जरा विक्षिप्तच. कविता लिहायचे, डोंगरात एकटे भटकायचे, उतारवयात ‘स्टार ट्रेक’ आवडीने बघायचे. १९७०मध्ये निवृत्त झाले आणि ३० सप्टेंबर १९८५ रोजी पासाडेनातच गेले. त्यांच्या मागे राहिलेली बरीच कागदपत्रं पुतण्याच्या घरी होती. १७ जानेवारी १९९४ला नॉर्थरिजचा भूकंप झाला. त्यानंतर लागलेल्या आगीत ते घर जळालं आणि कागदही गेले.

आज मोठे भूकंप मोजायला वेगळी, अधिक नेमकी पद्धत वापरतात. आपल्या बातम्यांत नाव मात्र रिश्टर यांचंच येतं. पुढच्या वेळी ‘३.२ रिश्टर’ असा मेसेज आला, तर पुढचा धक्का कधी, हे विचारणारे फॉरवर्ड सोडून द्या. खोलीत एक नजर फिरवा. पलंगाच्या वर जड पेटी ठेवली आहे का, कपाट भिंतीला पक्कं आहे का, एवढं बघा. त्या फोनवर रिश्टर यांनीही बहुधा तेच विचारलं असतं.