डॉ. आनंदीबाई जोशी : औषधाच्या शोधात

जुन्या कल्याणातला पारनाका आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या वाटेवरचा. याच पारनाक्यावरच्या गणपतराव अमृतेश्वर जोशी यांच्या घरातली यमुना ही पुढे डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून जगाला ठाऊक झाली. तिचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, पुण्यात आजोळी. परदेशी जाऊन डॉक्टरची पदवी मिळविणारी ही पहिली मराठी स्त्री. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने तिची कहाणी घरोघरी पोचविली आहे. मग पुन्हा लिहायचे कशासाठी? एवढ्यासाठीच, की आनंदीबाई डॉक्टर होण्यापूर्वी रोगी होत्या आणि डॉक्टर झाल्यावरही रोगीच राहिल्या. औषध म्हणजे काय, हा प्रश्न त्यांना पुस्तकात भेटण्याआधी स्वतःच्या देहात भेटला होता.

त्या काळच्या कल्याणात आजारपण म्हणजे आधी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे काम. पोट दुखले की ओवा, पडसे झाले की सुंठीचा काढा. तान्ह्या मुलाला सहाणेवर उगाळलेली बाळगुटी. तिच्यात वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ. बाळंतिणीला मेथीचे आणि अळिवाचे लाडू, शेक आणि धुरी. त्यापुढचे दुखणे असले तर सुईण किंवा वैद्य. यातले पुष्कळसे अनुभवाने पारखलेले होते. त्याला हसण्याचे आपल्याला कारण नाही. पण बटव्याची मर्यादा संपली की पुढे फक्त दैव उरे. शिवाय बटव्यात सारेच निर्धोक होते असेही नाही. मूल शांत निजावे म्हणून अफूची बाळागोळी देण्याची चाल मुंबईकडे कितीतरी वर्षे होती.

१ मे १८५४ रोजी आगगाडी ठाण्याहून कल्याणपर्यंत आली. गाडीबरोबर टपाल आले, वर्तमानपत्रे आली आणि विलायती औषधांच्या जाहिरातीही आल्या. राणी व्हिक्टोरिया १८३७ साली गादीवर आली. त्याच वर्षी लंडनच्या थॉमस हॉलोवेने आपले मलम विकायला काढले आणि पाठोपाठ गोळ्याही आणल्या. ही औषधे जवळजवळ प्रत्येक रोगावर चालतात असा त्याचा दावा होता. गोळ्यांतला मुख्य कामाचा पदार्थ मात्र कोरफडीचा सुकविलेला रस, म्हणजे साधे रेचक! अशा औषधांना ‘पेटंट’ म्हणत, पण हे नावच फसवे होते. खरे पेटंट घ्यायचे तर घटक जाहीर करावे लागतात. इथे सारी मातब्बरी घटक लपविण्यात होती.

यमुनेचे लग्न नवव्या वर्षी झाले. वर गोपाळराव जोशी टपालखात्यात कारकून, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे, विधुर आणि स्त्रीशिक्षणाच्या ध्यासाने पछाडलेले. ‘आनंदी’ हे नाव त्यांनीच ठेवले. तिला शिकविताना ते कठोर होत, प्रसंगी मारहाणही करीत, हे तिच्या चरित्रातले सत्य झाकून ठेवू नये. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि योग्य उपचारांअभावी तो दहा दिवसांत गेला. ज्या समाजात स्त्रीची नाडी पाहायला परपुरुष चालत नाही आणि स्त्री डॉक्टर तर अस्तित्वातच नाही, तिथे बाळंतघरातले दुखणे दाराआडच राहते. आनंदीच्या आयुष्याची दिशा या दहा दिवसांनी ठरविली.

गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या एका पाद्र्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मिशनरी मासिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईने ते दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचले आणि आनंदीशी पत्रव्यवहार सुरू केला. परक्या देशातल्या या बाईला आनंदी मावशी मानू लागली. पुढे गोपाळरावांच्या बदलीमुळे हे जोडपे कलकत्त्याकडे गेले. तिथे आनंदीची प्रकृती ढासळू लागली. सतत डोकेदुखी, अशक्तपणा, अधूनमधून ताप, कधी धाप. कार्पेंटरबाईंनी काळजीपोटी अमेरिकेहून औषधे धाडली. ती सात समुद्र ओलांडून आली खरी, पण गुण आला नाही.

आता अठरा वर्षांच्या या मुलीने काय केले पाहा. आणखी औषधे मागविण्याऐवजी तीच औषधाच्या विद्येकडे निघाली. श्रीरामपूरच्या कॉलेजात १८८३ च्या आरंभी भाषण करून तिने हिंदुस्थानाला स्त्री डॉक्टरांची गरज का आहे हे सांगितले, धर्म न सोडण्याचा निश्चय बोलून दाखविला आणि एप्रिलमध्ये पतीशिवाय कलकत्ता सोडले. जूनमध्ये ती न्यूयॉर्कला उतरली.

ती ज्या अमेरिकेत उतरली, तिथे बाटलीबंद औषधांचा बाजार भरात होता. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावच्या लिडिया पिंकहॅम या बाईचा वनस्पतींचा अर्क बायकांच्या तक्रारींवर घरोघर खपत होता. पिंकहॅमबाई नुकत्याच, मे १८८३ मध्ये, वारल्या होत्या. धंदा मात्र वाढतच गेला. त्या अर्कात मेथीचे दाणे असत, हे वाचून आपल्या आजीला गंमत वाटेल. फरक एवढाच, की आजीच्या लाडवात मद्यार्क नसे. त्या बाटलीत तो शेकडा १८ च्या आसपास होता. दात येणाऱ्या मुलांसाठीच्या मिसेस विन्स्लोच्या सरबतात मॉर्फीन होते, म्हणजे आपली बाळागोळीच गोड होऊन बाटलीत शिरलेली! आनंदीबाई शिकत होत्या त्याच पेनसिल्वेनियात ‘पिसो’ नावाचे क्षयावरचे हमखास औषध तयार होई. त्यात गांजाच्या जातीच्या वनस्पतीचा अर्क आणि क्लोरोफॉर्म असल्याचे पुढे कायद्यामुळे वेष्टनावर छापावे लागले. खोकला दबे, रोग्याला बरे वाटे आणि क्षय आपले काम करीत राही.

तरीही या बाजाराचे यश केवळ लबाडीतून आले असे म्हणणे अपुरे ठरेल. डॉक्टर महाग होते, त्यांचेही कित्येक उपचार जाचक होते आणि आपले दुखणे परक्या पुरुषाला सांगण्याचा संकोच अमेरिकन बाईलाही होता. बाटली काही विचारीत नाही, म्हणून ती आवडते. आनंदीबाईंनी याच संकोचावर दुसरे उत्तर शोधले : बाईच्या दुखण्याजवळ शिकलेली बाई बसली पाहिजे.

१८५० साली स्थापन झालेल्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात डीन रेचेल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला. थंडी, परका आहार आणि अभ्यास यांनी प्रकृती आणखी खालावली, पण अभ्यास सुटला नाही. प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. घरचे ज्ञान फेकून दिले नाही आणि डोळे मिटून पूजलेही नाही. नव्या शास्त्राच्या शेजारी ठेवून तपासले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. राणी व्हिक्टोरियानेही अभिनंदनाचा संदेश धाडला. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली.

पण देहात क्षय होता. या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ सालीच जाहीर केला होता. म्हणजे कारण कळले होते, औषध सापडले नव्हते. स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागायला १९४३ साल उजाडावे लागले. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी आल्या त्या जवळजवळ अंथरुणावरच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे २१, बाविसाव्याला महिनाभर उरलेला. कोल्हापूरची जागा रिकामीच राहिली. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे धाडण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली.

मग त्या विद्येने काय साधले, असे कोणी विचारील. घरच्या बटव्याने मूल वाचले नाही, अमेरिकेच्या औषधांनी तिचे दुखणे गेले नाही आणि पदवीनेही तिला वाचविले नाही. पण या तिघांत एक भेद आहे. ज्या शास्त्राने क्षयावर आपल्यापाशी औषध नाही हे कबूल केले, त्याच शास्त्राला पुढे ते सापडले. हमखास गुणाचा दावा करणाऱ्या बाटलीला शोधण्यासारखे काही उरलेच नव्हते.

अमेरिकेत १९०६ साली ठरावीक घातक घटक वेष्टनावर छापण्याचा कायदा झाला. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने क्षय आणि स्त्रियांचे विकार यांसह अनेक रोगांवरच्या औषधांच्या जाहिरातींना बंदी घातली. तरी हमखास गुणाची हाक थांबलेली नाही. पूर्वी ती वर्तमानपत्रातून येई, आता खिशातल्या फोनवर येते. पारनाक्यावरून जाताना आपण त्या यमुनेची आठवण ठेवू या. आलेल्या औषधाने गुण येत नाही म्हटल्यावर ती गप्प बसली नाही, दैवालाही शरण गेली नाही. ती शिकायला गेली.