खातूनचे राज्य

२२ फेब्रुवारी २००६ रोजी समारा येथील अस्करी इमामांच्या दर्ग्याचा सोनेरी घुमट सुरुंगाने उडविण्यात आला. दहाव्या व अकराव्या इमामांच्या कबरी असलेले हे स्थान शियांना अत्यंत पवित्र. त्यानंतर बगदादच्या गल्लीबोळांत रोज सकाळी हातपाय बांधलेली प्रेते सापडू लागली. संयुक्त राष्ट्रांच्या मोजदादीप्रमाणे त्या एका वर्षात ३४ हजारांहून अधिक नागरिक मारले गेले. वॉशिंग्टन व लंडन येथे मात्र वाद रंगला तो शब्दाचा. इराकमध्ये चालले होते त्याला परकीय फौजेविरुद्धचे बंड म्हणावयाचे की शिया-सुन्नी यादवी? बुश यांचे सरकार दुसरा शब्द उच्चारावयास तयार नव्हते. अखेर नोव्हेंबरात अमेरिकेतील एका मोठ्या दूरचित्रवाणी कंपनीने यापुढे आपण यादवी हाच शब्द वापरू असे जाहीर केले, आणि ही देखील एक बातमी ठरली.

हा वाद वरवर पाहता कोशकारांचा वाटतो. तसा तो नव्हता. बंड म्हटले की आरोपी कोण हे उघड होते. यादवी म्हटले की परकीय सैन्य आरोपीच्या पिंजऱ्यातून उठून पंचाच्या खुर्चीत जाऊन बसते. भांडण त्यांचे, आम्ही केवळ सोडवावयास आलो, असे त्यास म्हणता येते. या निमित्ताने ऐंशी वर्षांपूर्वी बगदादच्या मातीत पुरलेल्या एका इंग्रज बाईचे नाव पुन्हा वर आले. तिने इराक नावाच्या राज्याच्या सीमा आखण्यास हातभार लावला, त्याला राजा मिळवून दिला आणि सत्ता कोणत्या पंथाच्या हाती राहावी याविषयी ठाम मत दिले. गर्ट्रूड बेल हे तिचे नाव. बगदादचे लोक तिला खातून म्हणत.

१४ जुलै १८६८ रोजी इंग्लंडच्या ईशान्य भागात डरहॅम परगण्यात तिचा जन्म झाला. आजोबा लोथियन बेल हे लोखंडाचे मोठे कारखानदार. घरी पैसा विपुल होता. तीन वर्षांची असताना आई गेली. वडील ह्यू बेल यांच्यावर तिची अपार माया होती आणि सावत्र आईशीही तिचे चांगले जुळले; त्या दोघांना तिने आयुष्यभर पत्रे लिहिली आणि आज तिच्याविषयी आपणांस जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग त्या पत्रांतूनच आला आहे. १८८८ साली ऑक्सफर्ड येथे आधुनिक इतिहासात प्रथम श्रेणी मिळविणारी ती पहिली स्त्री. त्या काळी ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवी देत नसे, एवढे सांगितले म्हणजे त्या यशाची किंमत कळेल.

१८९२ मध्ये बेलबाई तेहरानला गेल्या. तेथे त्यांच्या नात्यातील लॅसेल्स हे ब्रिटिश वकील होते. तेथील वकिलातीतील एका तरुण अधिकाऱ्याशी त्यांचे मन जडले. तो कर्जबाजारी, म्हणून वडिलांनी नकार दिला. वर्षभरात तो वारलाही. पुढे हाफिझच्या काव्याचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८९७ साली प्रसिद्ध झाले, ते आजही वाचले जाते. त्यानंतर आल्प्सची शिखरे, जेरुसलेमला अरबीचा अभ्यास, सीरियाचे वाळवंट, उखैदिर येथील प्राचीन वाड्याचे मोजमाप आणि १९१४ च्या आरंभी थेट मध्य अरबस्तानातील हाइल असा हा प्रवास वाढत गेला. उंटांच्या काफिल्याबरोबर चिनी मातीची भांडी व रात्रीच्या जेवणाचा पोशाख बरोबर नेणारी ही बाई कोणत्या टोळीचे कोणाशी वैर, कोणत्या विहिरीवर कोणाचा हक्क, याची टिपणे काटेकोरपणे ठेवीत होती. विसंगती अशी की, याच सुमारास इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध करणाऱ्या संघटनेच्या त्या एक कार्यकर्त्या होत्या. स्वतः पुरुषांच्या बरोबरीने वागावयाचे आणि इतर स्त्रियांची तयारी अद्याप झालेली नाही असे मानावयाचे, हा त्यांचा स्वभाव पुढे राष्ट्रांच्या बाबतीतही दिसून आला.

महायुद्ध सुरू होताच ही टिपणे सोन्याच्या मोलाची ठरली. नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणच्या आखातात फाव येथे ज्या फौजा उतरल्या त्या हिंदुस्थान सरकारच्या होत्या आणि त्यांत आघाडीवर होती ती पुण्याची सहावी डिव्हिजन. मराठा पलटणी तीत होत्या. हीच डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हाताखाली बगदादच्या रोखाने गेली, माघारी फिरली, कूत येथे तुर्कांच्या वेढ्यात पाच महिने अडकली आणि घोड्यांचे मांस खाण्याची वेळ आल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. त्यांतील बहुसंख्य हिंदी होती आणि अनेकजण अनातोलियाच्या वाटेवर किंवा तेथील छावण्यांत मेली. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत या शिपायांना सहसा ओळही मिळत नाही. कूतचा वेढा चालू असताना, मार्च १९१६ मध्ये, बेलबाई व्हाइसरॉय हार्डिंग यांची दिल्लीत भेट घेऊन बसऱ्यास पोहोचल्या आणि सर पर्सी कॉक्स यांच्या कार्यालयात रुजू झाल्या.

११ मार्च १९१७ रोजी बगदाद पडले. आपण जेते म्हणून आलेलो नसून मुक्तिदाते म्हणून आलो आहोत, असे जनरल मॉड याच्या जाहीरनाम्यात नागरिकांना सांगण्यात आले. राज्य मात्र हिंदुस्थानी साच्याने चालू लागले. चलन रुपयाचे आले. टोळ्यांसाठी केलेला कायदा आपल्या वायव्य सरहद्दीवरील कायद्यावरून बेतलेला होता. अधिकारीही बहुधा हिंदुस्थानच्या नोकरीतले. कॉक्स इराणला गेल्यावर कारभार आर्नल्ड विल्सन याजकडे आला. हा कर्तबगार गृहस्थ मेसापोटेमिया म्हणजे जणू सिंधला लागून असलेला आणखी एक प्रांत अशाच समजुतीने वागे. बेलबाईंचे मतही प्रारंभी फारसे वेगळे नव्हते. परंतु १९१९ साली पॅरिसच्या परिषदेहून परतताना त्यांनी दमास्कस येथे अरबांचा कारभार पाहिला आणि त्यांचे विचार बदलले. अरबांना राज्य द्यावे लागेल, असे त्या लंडनमधील वजनदार मंडळींना लिहू लागल्या. आपल्या पाठीमागे पत्रे जातात हे कळल्यावर विल्सनचा संताप झाला. दोघे एकाच कचेरीत काम करीत होते.

एप्रिल १९२० मध्ये सान रेमो येथे इराकचे पालकत्व ब्रिटनकडे देण्यात आले आणि मग जे घडले ते २००६ च्या शब्दवादाच्या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या रमजानमध्ये बगदादेतील मशिदींतून सुन्नींचा मौलूद आणि शियांचा हुसेनाचा शोक हे दोन्ही विधी एकत्र होऊ लागले. सुन्नींच्या मशिदीत शिया आणि शियांच्या मशिदीत सुन्नी येऊन बसत, आणि प्रार्थना संपली की भाषणे होत. कर्बला येथील वृद्ध मुज्तहिद मिर्झा महंमद तकी शिराझी यांनी ब्रिटिशांविरुद्ध कौल दिला. जूनच्या अखेरीस रुमैथा येथे एका टोळीप्रमुखाला अटक झाली. त्याच्या माणसांनी त्याला सोडवून नेले आणि फुरात नदीच्या मध्यभागात वणवा पेटला. ऑगस्टमध्ये पलीकडे सुन्नी मुलुखात, फलुजाजवळ, कर्नल लीचमन मारला गेला. बंड मोडण्यासाठी हिंदुस्थानातून आणखी पलटणी मागवाव्या लागल्या. इराकी मृतांची संख्या सहा ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. ब्रिटिश खजिन्यातून सुमारे चार कोटी पौंड गेले. परकीय सैन्य देशात होते, त्याविरुद्ध हत्यारे उठली होती, आणि तरीही शिया व सुन्नी एकमेकांच्या गळ्याला लागले नाहीत. पंथभेद शेकडो वर्षांचा असला तरी त्याचे रूपांतर कत्तलीत व्हावयास आणखी काही लागते, एवढे यावरून दिसते.

ते आणखी काही काय? माझ्या मते त्याचे उत्तर बंडानंतरच्या वर्षात आहे. १९२० मध्ये भांडण्यासारखे राज्यच नव्हते. काढून लावावयाचा परका तेवढा होता. ऑक्टोबरात कॉक्स परतले, नोव्हेंबरात बगदादच्या वयोवृद्ध नकिबाच्या अध्यक्षतेखाली मंत्रिमंडळ बसले आणि आता खुर्च्या, पलटणी, महसूल यांची वाटणी सुरू झाली. तुर्की अमदानीत शिकलेले अंमलदार बहुतेक सुन्नी. नवे लष्करही तुर्की फौजेतून आलेल्या सुन्नी अधिकाऱ्यांनीच उभारले. मंत्रिमंडळात शियांना नावापुरती जागा मिळाली. लोकसंख्येत ते निम्म्याहून अधिक होते हे बेलबाईंना कोणापेक्षाही अधिक ठाऊक होते. तरीही अंतिम सत्ता सुन्नींच्याच हाती असावी, नाहीतर मुज्तहिदांचे धर्मराज्य येईल, असे त्यांनी वडिलांना स्वच्छ लिहून ठेवले आहे. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. शिया-सुन्नी भेद त्यांनी निर्माण केला नाही; सुन्नींचे वर्चस्वही तुर्कांपासून चालत आलेले होते. त्यांनी जुनी सवय नव्या राज्याच्या पायात चिणली. पंथवार मोजणी करून राज्य करण्याची ही रीत १९०९ नंतरच्या हिंदुस्थानात आपण पाहिली आहे. तिची गोडी परक्यांनाच लागते असे नव्हे, ती लवकरच घरच्यांनाही लागते.

मार्च १९२१ मध्ये चर्चिल यांनी कैरो येथे परिषद भरविली. जमलेल्या तज्ज्ञांत बेलबाई ही एकमेव स्त्री. मक्केच्या हुसेनचा पुत्र फैझल, ज्याला फ्रेंचांनी आदल्या वर्षी दमास्कसहून हाकलले होते, तो इराकचा राजा व्हावा असे ठरले. त्याने तोवर इराकचे राज्य मागितले नव्हते. इराकमध्ये सय्यद तालिब नावाचा एक स्थानिक इच्छुक होता. त्याला कॉक्सबाईंच्या घरच्या चहापानानंतर पकडून देशाबाहेर धाडण्यात आले. मग कौल घेतला, ९६ टक्के मते फैझलला पडल्याचे जाहीर झाले आणि २३ ऑगस्टला बगदादेत राज्याभिषेक झाला. नव्या राज्याला राष्ट्रगीत नव्हते, म्हणून बँडने इंग्लंडच्या राजाचे गीत वाजविले. किर्कुकचा कौल विरुद्ध होता आणि सुलेमानियाच्या कुर्दांनी मतदानच केले नाही. पण ९६ हा आकडा एकदा छापला गेला की असल्या गोष्टी तळटीपेत जातात. १९२२ पासून बंडखोर टोळ्यांना वठणीवर आणण्याचे काम विमानदलाकडे आले. गावांवर बाँब टाकणे पलटणी पाठविण्यापेक्षा स्वस्त पडत असे. १९२३ मध्ये निवडणुकांवर बहिष्कार पुकारणारे शिया धर्मगुरू महदी अल-खालिसी यांना हद्दपार करण्यात आले. ते फैझलच्या सरकारने केले, ब्रिटिशांच्या पाठिंब्याने.

आता २००३ कडे पाहावे. अमेरिकेने मे महिन्यात प्रथम बाथ पक्षाच्या माणसांना सरकारी नोकऱ्यांतून काढले आणि आठवडाभरात सारे लष्कर बरखास्त केले. बेलबाईंच्या वेळी उभारलेली शिडी उलटी करून ठेवली, एवढाच फरक. जुलैत नेमलेल्या २५ जणांच्या शासनमंडळात १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द, १ तुर्कमान व १ असीरियन अशी वाटणी होती. मधल्या काळातील सद्दामची क्रूर राजवट, १९९१ साली दक्षिणेत चिरडलेला उठाव, बारा वर्षांचे आर्थिक निर्बंध यांनी मने आधीच कडवट झाली होती हे खरे. समाराचा घुमट अमेरिकनांनी उडविला नाही आणि बगदादेतील मोहल्ले रिकामे करणाऱ्या टोळ्या इराकीच होत्या, हेही खरे. त्यांना दोषमुक्त करण्याचे कारण नाही. परंतु एप्रिल २००४ पर्यंत, फलुजाला वेढा पडला असताना, बगदादचे शिया तिकडे धान्य आणि रक्त पाठवीत होते. म्हणजे १९२० ची आठवण पुरती मेलेली नव्हती. पुढच्या दोन वर्षांत प्रत्येक मंत्रालय एकेका पंथाच्या पक्षाकडे गेले, पोलिसांच्या गणवेशात खासगी सेना शिरल्या आणि नागरिकाला जीव वाचवावयाचा तर आपल्या पंथाच्या बंदूकधाऱ्याकडे जाण्यावाचून मार्ग उरला नाही. तेव्हा कब्जा संपून यादवी सुरू झाली असे म्हणणे मला पटत नाही. कब्जा होता तेथेच होता आणि यादवी त्याने आखलेल्या खात्यांवरूनच लढली जात होती. अमेरिकन फौजा डिसेंबर २०११ मध्ये गेल्या. खाती तशीच राहिली, आणि अडीच वर्षांत मोसूल इस्लामिक स्टेटच्या हाती पडले.

बेलबाईंना आपल्या कामाचा शेवट दिसला नाही. फैझल गादीवर स्थिरावला तशी त्यांची गरज सरली. राजा त्यांचा सल्ला घेईनासा झाला, कॉक्स निवृत्त झाले, घरच्या कारखान्याला ओहोटी लागली. त्यांनी आपले लक्ष प्राचीन वस्तूंकडे वळविले, उत्खननात सापडलेल्या वस्तूंचा वाजवी हिस्सा देशातच राहावा असा कायदा करविला आणि जून १९२६ मध्ये बगदादच्या वस्तुसंग्रहालयाचे पहिले दालन उघडले. पुढच्याच महिन्यात, १२ जुलैच्या पहाटे, झोपेच्या गोळ्यांच्या अतिमात्रेने त्यांना मृत्यू आला. अठ्ठावन्न वर्षे पूर्ण व्हावयास दोन दिवस उरले होते. फैझल १९३३ साली गेला. सुन्नींचे सरकार कुर्दांवर आणि शिया बहुसंख्येवर राज्य करीत आहे, इराकी लोक म्हणून काही अद्याप घडलेलेच नाही, अशी खंत त्याने मृत्यूपूर्वी एका गोपनीय टिपणात नोंदविली होती. त्याचा नातू १४ जुलै १९५८ रोजी, योगायोगाने खातूनच्याच जन्मतारखेस, राजवाड्याच्या अंगणात मारला गेला.

वस्तुसंग्रहालय मात्र वाढत गेले. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकन रणगाडे तेलमंत्रालयावर पहारा देत असताना ते लुटले गेले. सुमारे १५ हजार वस्तू नाहीशा झाल्या आणि त्यांतील काही हजार पुढे परत मिळाल्या. इस्लामिक स्टेटने मोसूलच्या संग्रहालयातील पुतळे घणाने फोडल्याचे चित्रण फेब्रुवारी २०१५ च्या अखेरीस जगाला दाखविले. त्यानंतर दोनच दिवसांनी बगदादचे संग्रहालय पुन्हा लोकांसाठी उघडण्यात आले.