डॉ. ड्यु बॉइस

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रेट बॅरिंग्टन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील शाळेत मुलांनी एकदा एकमेकांना सुंदर भेटपत्रिका देण्याचा खेळ मांडला. खेळ रंगात आला असता नव्याने आलेल्या एका मुलीने एका मुलाची पत्रिका घेण्याचे साफ नाकारले. त्याचा अपराध एवढाच, की तो कृष्णवर्णीय होता. तो मुलगा म्हणजेच पुढे जगद्विख्यात झालेले डॉ. विल्यम ड्यु बॉइस.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी झाला. लहानपणीच पितृछत्र हरपल्यासारखे झाले, कारण वडील घर सोडून गेले. आईने कष्ट करून मुलाला वाढविले. नॅशव्हिलचे फिस्क विद्यापीठ, हार्वर्ड आणि बर्लिन येथे त्यांनी विद्या संपादन केली. १८९५ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन ठरले.

इतिहासाच्या अभ्यासातून एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. वर्णाचा गर्व शाळेत किंवा रस्त्यावरच दिसतो असे नाही. तो राष्ट्रांच्या दरबारातही बसलेला असतो. १८८४-८५ साली बर्लिन येथे परराष्ट्रांच्या मुत्सद्द्यांनी आफ्रिकेतील प्रदेश बळकावण्याचे नियम ठरविले. त्या सभेत एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. काळे लोक राज्य करण्यास अपात्र आहेत, असे एकदा मानले की त्यांची भूमी लुटण्यात पाप वाटत नाही. पहिल्या महायुद्धाचे एक मूळ या लुटीच्या स्पर्धेत आहे, असे ड्यु बॉइस यांनी १९१५ साली एका लेखात प्रतिपादन केले.

१९१९ साली पॅरिसमध्ये तहाची बोलणी चालू असताना त्यांनी तेथेच आफ्रिकी वंशाच्या लोकांची परिषद भरविली. अनेकांना येण्यासाठी पारपत्रे मिळाली नाहीत, तरीही ५७ प्रतिनिधी जमले. त्याच वेळी राष्ट्रसंघाच्या घटनेत वंशसमानतेचे तत्त्व घालावे, अशी सूचना जपानने मांडली. तिला बहुमत मिळाले. परंतु एकमत नाही, असे कारण देऊन अध्यक्ष विल्सन यांनी ती अमान्य केली. जर्मनीच्या आफ्रिकेतील वसाहतीही विजेत्यांच्या ताब्यात गेल्या.

ड्यु बॉइस यांची कीर्ती भारतातही पोहोचली होती. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. अस्पृश्यांसाठीही तसाच प्रयत्न करण्याचा विचार त्यांच्या मनात होता. ड्यु बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर धाडले. १९४७ साली त्यांच्याच पुढाकाराने तयार झालेला आणखी एक विस्तृत अर्ज संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेला. पण अमेरिकन सरकारचा पाठिंबा नसल्याने तो आमसभेपुढे आलाच नाही.

वृद्धापकाळी त्यांच्यावर खटला झाला. १९५१ साली ते निर्दोष सुटले, तरी सरकारने १९५८ पर्यंत त्यांना पारपत्र दिले नाही. त्यामुळे १९५७ साली घाना स्वतंत्र झाला, तेव्हा निमंत्रण असूनही त्यांना जाता आले नाही. अखेर १९६१ साली ते घानात गेले आणि वयाच्या ९३व्या वर्षी आफ्रिकेचा ज्ञानकोश रचण्याच्या कामास लागले.

२७ ऑगस्ट १९६३ रोजी अक्रा येथे त्यांचे देहावसान झाले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये समान हक्कांसाठी सुमारे अडीच लाख लोक एकत्र आले. तेथे त्यांच्या निधनाची वार्ता सांगण्यात आली, तेव्हा तो अफाट समुदाय क्षणभर स्तब्ध उभा राहिला. एका मुलाची पत्रिका जिथे नाकारली गेली होती, त्याच देशाने त्या दिवशी त्याचे नाव आदराने ऐकले.