फाइलवरचे ‘रू’ कोण होते? बायपास करून घेणाऱ्यांनी वाचावी अशी एका सर्जनची गोष्ट

लठ्ठपणासाठी बायपास शस्त्रक्रिया झाली असेल, तर तुमच्या डिस्चार्ज कार्डावर ‘रू-एन-वाय’ असे नाव असू शकते. अनेकांना ते एखाद्या मशीनचे नाव वाटते. प्रत्यक्षात ते एका स्विस सर्जनचे आडनाव आहे. त्यांची गोष्ट माहीत असेल, तर ऑपरेशननंतरची पथ्ये का पाळायची हे तुम्हाला सहज कळेल.

शेतीच्या प्रदेशातून लोझानला

सेझार रू यांचा जन्म 1857 मध्ये स्वित्झर्लंडमधील मों-ला-व्हिल या गावी झाला. बर्नला वैद्यकीय शिक्षण घेऊन त्यांनी थिओडोर कोखर यांच्या हाताखाली काम केले. याच कोखर यांना पुढे 1909 चे नोबेल मिळाले. 1887 मध्ये रू लोझानच्या सरकारी रुग्णालयात सर्जरीचे प्रमुख झाले आणि 1890 मध्ये तिथेच प्राध्यापक.

अडचण पित्ताची होती

त्या काळी अल्सर किंवा कॅन्सरमुळे जठराचे तोंड बंद झालेले रुग्ण उलट्या होऊन, उपाशी राहून दगावत. 1881 मध्ये व्हिएन्नात वोल्फ्लर यांनी जठर थेट लहान आतड्याला जोडून अन्नाला दुसरी वाट काढून दिली. पण या जोडणीनंतर काही रुग्णांच्या जठरात पित्त साचे आणि उलट्या थांबत नसत.

रू यांनी 1890 च्या दशकात यावर उपाय काढला. त्यांनी लहान आतडे कापले. खालचे टोक जठराला जोडले आणि पित्त आणणारे वरचे टोक बरेच खाली, त्याच आतड्याच्या बाजूला जोडले. इंग्रजी ‘वाय’ अक्षर डोळ्यांसमोर आणा. एका फाट्यातून अन्न येते, दुसऱ्यातून पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येतो, आणि खाली दोन्ही एकत्र होतात. पित्त वर चढत नाही. हे काम सुरू झाले तेव्हा एक्स-रेचा शोधही लागला नव्हता, आणि अँटिबायोटिक्स तर फार दूर होती.

स्वतःचेच ऑपरेशन सोडले

काही काळाने नवी अडचण दिसली. जोडाच्या जागी अल्सर होऊ लागले. जठरातले ॲसिड थेट लहान आतड्यावर पडत होते आणि ते सौम्य करणारे पित्तरस आता तिथे पोहोचत नव्हते. ॲसिड कमी करणारी आजच्यासारखी औषधे तेव्हा नव्हती. रुग्णांना त्रास होतो हे पाहून रू यांनी ही पद्धत वापरणे थांबवले. ज्या कामाने आपले नाव झाले तेच बाजूला ठेवायला मन मोठे लागते.

ते थांबले मात्र नाहीत. 1907 मध्ये त्यांनी लहान आतड्याच्या तुकड्यापासून नवी अन्ननलिका तयार केली. 1934 मध्ये लोझानला त्यांचे निधन झाले.

लठ्ठपणासाठी बायपास 1960 च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी सुरू केली. 1977 मध्ये वॉर्ड ग्रिफेन यांनी तिला रू यांची ‘वाय’ जोडणी दिली. आज जठराची अगदी छोटी पिशवी ठेवतात. तिच्यात ॲसिड कमी बनते, म्हणून अल्सरचा धोका पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. पण तो संपलेला नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ

- गुडघा दुखला की नाक्यावरच्या केमिस्टकडून पेनकिलर घेऊन लोकल पकडायची, ही आपली उपनगरातली सवय. बायपासनंतर ती सोडा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या जोडाच्या जागी अल्सर करू शकतात. दुखण्यावर काय चालेल ते आधी डॉक्टरांना विचारा.
- हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मनाने बंद करू नका, पण सर्जनला जरूर सांगा.
- सिगारेट, विडी पूर्ण बंद. तंबाखूही नको.
- ॲसिडची गोळी आणि व्हिटॅमिन बी-12, लोह, कॅल्शियम सांगितले तितके दिवस घ्या. वजन उतरले म्हणून ती थांबवू नका.
- वरच्या पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी, चिकट शी झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळसर होते, पण शंका असेल तर घरी अंदाज बांधत बसू नका.

घरच्यांनीही ही यादी वाचावी. कारण पेनकिलरची पट्टी बहुधा घरातल्याच डब्यातून पुढे केली जाते.