हुकूमतपन्हा रामचंद्रपंत अमात्य

मराठ्यांच्या इतिहासात रणांगण गाजविणारे वीर पुष्कळ होऊन गेले. परंतु राज्य बुडते की तरते अशी वेळ आली असता कारभाराची घडी मोडू न देणारे आणि कोणाचा हक्क कोणता याचा विवेक न सोडणारे पुरुष थोडेच झाले. रामचंद्र नीळकंठ अमात्य हे अशा पुरुषांपैकी एक होत. थोरल्या शिवाजी महाराजांपासून करवीरच्या संभाजी महाराजांपर्यंत पाच छत्रपतींची कारकीर्द त्यांनी पाहिली आणि पाचांचीही सेवा केली.

रामचंद्रपंतांचे घराणे बहुतकर या नावाने ओळखले जाई. त्यांचे वडील निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांच्या पदरी मुजुमदार होते. राज्याच्या जमाखर्चाची तपासणी करणे हे मुजुमदाराचे काम असे. इ. स. १६७४ मध्ये रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या वेळी अष्टप्रधानांत मुजुमदाराच्या पदास अमात्य हे नाव मिळाले आणि ते पद रामचंद्रपंतांकडे होते. या कामामुळे कोणत्या गावचा वसूल किती, तेथील पाटीलकी कोणाची, कुलकर्ण कोणाचे, या गोष्टी तरुण वयातच त्यांच्या नजरेखालून गेल्या. पुढे हीच माहिती त्यांच्या फार उपयोगी पडली.

इ. स. १६८९ मध्ये मराठी राज्यावर मोठाच घाला आला. संगमेश्वर येथे संभाजी महाराज शत्रूच्या हाती सापडले आणि औरंगजेबाने त्यांचा वध करविला. राजाराम महाराज पन्हाळ्याहून निघून वेषांतर करून दूर दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यात गेले. जाण्यापूर्वी महाराष्ट्राचा कारभार त्यांनी रामचंद्रपंतांच्या हाती सोपविला आणि त्यांना हुकूमतपन्हा हा किताब दिला. छत्रपतींच्या गैरहजेरीत त्यांच्या वतीने सर्व अधिकार चालविणारा, असा त्याचा भावार्थ. शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक, संताजी घोरपडे व धनाजी जाधव अशा कर्त्या पुरुषांना हाताशी धरून पंतांनी लढा चालू ठेवला. शत्रूने घेतलेला पन्हाळा परशुराम त्रिंबकांनी इ. स. १६९२ मध्ये पुन्हा जिंकून घेतला.

फौज पाठविणे व किल्ले राखणे एवढ्यानेच हुकूमतपन्हाचे काम संपत नसे. रयतेच्या तंट्यांतील अखेरचा शब्दही त्यांचाच असे. आज आपल्या देशात खालच्या न्यायालयाचा निकाल मान्य नसेल, तर माणूस वरच्या न्यायालयात दाद मागतो आणि शेवटी दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकतो. त्या काळीही न्यायाच्या अशा पायऱ्या होत्या. गावचा तंटा प्रथम गोतसभेपुढे येई. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि शेजारपाजारची जाणती माणसे या सभेत बसत. तेथे समाधान न झाले, तर परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांच्या सभेपुढे आणि शेवटी हुजुरापुढे फिर्याद जाई. शेताचा बांध, घराची वाटणी, कर्जाची फेड, पाटीलकीचा मान असे नाना प्रकारचे वाद असत. चोरी, मारामारी व खून यांसारखे गुन्हेही असत. गुन्हा शाबीत झाला, तर त्याच्या मानाने दंड, कैद वा त्याहून कठोर शिक्षा होई.

वतनाच्या वादात पुढील रीत चाले. होईल तो निवाडा मान्य करू, असे वादी व प्रतिवादी दोघेही आधी लिहून देत आणि जामीन देत. मग प्रत्येकाची हकिकत लिहून घेतली जाई. त्यानंतर पुरावा तपासावयाचा. त्यात लेख, भुक्ती आणि साक्ष या तीन गोष्टी मुख्य असत. लेख म्हणजे सनदा व जुने कागद. भुक्ती म्हणजे वतनाचा उपभोग आजवर प्रत्यक्ष कोण घेत आला हे. आणि साक्ष म्हणजे माहीतगार माणसांची जबानी. या तिन्हींनी उलगडा न झाला, तर दिव्य करावयास लावीत. उकळत्या तेलातून वा तुपातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा आणि हात भाजला की नाही यावरून खरेखोटे ठरवावयाचे, असा तो प्रकार असे. हात भाजण्याचा खरेपणाशी काही संबंध नसतो, हे आज सर्वांना कळते आणि आजचे न्यायालय असा पुरावा मानीत नाही. परंतु त्या काळच्या लोकांची दिव्यावर श्रद्धा होती. निवाडा झाला, की हरलेला पक्ष आपली हार लिहून देई आणि जिंकलेल्यास निवाडपत्र मिळे.

या रीतीची खरी कसोटी लढाईच्या दिवसांत लागली. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हक्क व त्याचे उत्पन्न. नवी वतने देऊ नयेत, चाकरीबद्दल रोख वेतन द्यावे, असे शिवाजी महाराजांचे धोरण होते. परंतु आता खजिना रिता झाला होता. औरंगजेब वतनांचे आमिष दाखवून मराठे सरदार आपल्याकडे ओढीत होता. सरदार आपल्या बाजूस राहावेत म्हणून राजाराम महाराजांनाही वतने देणे भाग पडले आणि खुद्द पंतांनाही तशा सनदा द्याव्या लागल्या. याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. वतनाचा मूळ धनी गावात नांदत असे आणि त्याचा भाऊबंद किंवा वैरी जिंजीस जाऊन त्याच वतनाची सनद आपल्या नावे करून आणी. कोणी मोगलांकडून तसाच कागद मिळवी. एका वतनाचे दोन-दोन, तीन-तीन धनी उभे राहत.

अशा वेळी सोपा मार्ग एकच होता. ज्याच्यापाशी घोडी अधिक, त्याच्या बाजूने निकाल द्यावा, म्हणजे त्याची तलवार राज्याच्या कामी येई. पण वडिलोपार्जित हक्क गमावलेला दुबळा माणूस मग कोणाकडे जाणार? आणि तो शत्रूस मिळाला, तर राज्य कोणाच्या बळावर टिकणार? राज्य राखण्यासाठी दिलेली वतनेच राज्यास पोखरू शकतात, हे पंतांनी अनेक वर्षे डोळ्यांनी पाहिले.

इ. स. १७०० मध्ये राजाराम महाराज निवर्तले. महाराणी ताराबाईंनी लढा पुढे चालविला. इ. स. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. तेव्हा राज्याच्या दोन शाखा झाल्या. एक साताऱ्यास, दुसरी करवीर प्रांती. करवीरच्या गादीचे ठाणे पन्हाळ्यावर होते. इ. स. १७१४ मध्ये तेथे सत्तांतर होऊन राजाराम महाराजांचे दुसरे पुत्र संभाजी महाराज गादीवर आले. ते वयाने लहान होते. राज्य कसे करावे हे त्यांना उमगावे, म्हणून वृद्ध अमात्यांनी आपल्या दीर्घ अनुभवाचे सार काढून आज्ञापत्र हा ग्रंथ सिद्ध केला. तो इ. स. १७१५ चा होय.

आज्ञापत्रात राजा, प्रधान, सावकार, वतनदार, किल्ले आणि आरमार अशा अनेक विषयांचा विचार आहे. वतनांविषयी पंत दोन्ही बाजूंनी बजावतात. नवे वतन सहसा देऊ नये. तसेच ज्याचे आहे त्याचे अन्यायाने काढूनही घेऊ नये. वतनदार शिरजोर झाला तर त्यास वेळीच आवरावे, पण त्याचा न्याय्य हक्क मात्र चालवावा. आरमारासाठी लाकूड लागते. त्याविषयीही असाच विवेक सांगितला आहे. रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत. ती वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत. लोक त्यांना लेकरांसारखे जपून वाढवितात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर धन्यास राजी करून व त्याला मोल देऊन ते घ्यावे. त्याच्यावर बळजबरी मुळीच करू नये.

ज्या पुरुषाच्या एका शब्दावर फौजा हलत, त्याने राजाच्या अधिकारालाही अशी मर्यादा घालून ठेवली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. झाड एका शेतकऱ्याचे. ते मागणारे प्रत्यक्ष सरकार. आणि तरीही त्या शेतकऱ्याची संमती हवी. न्यायासनापुढे दुबळा आणि बलवान सारखेच, या तत्त्वाचा अर्थ यातून नीट समजतो.

इ. स. १७१६ मध्ये पन्हाळ्यावरच रामचंद्रपंतांनी देह ठेवला. त्यांची समाधी गडावर आहे. त्यांनी राखलेले किल्ले पुढे अनेकांच्या हाती गेले आणि त्यांनी सोडविलेले तंटेही काळाआड गेले. परंतु त्यांचे आज्ञापत्र आज तीनशे वर्षांनंतरही अभ्यासक आदराने वाचतात.